झाकणच तं हाये!

वरवट बकालच्या चौकात एखाद्या माणसाला चक्कर आली तर दोन-तीन जण धावतात. गाडीचं बोनट उघडलं तर पंधरा-वीस. यात निर्दयपणा काही नाही. माणसात काय बिघडलं ते डॉक्टरलाच कळतं, असा आमच्याकडे अजून समज आहे. गाडीत काय बिघडलं ते मात्र सगळ्यांनाच कळतं. शिवाय शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, तेल्हारा अशा सगळ्या दिशांची माणसं इथे एसटीची वाट पाहत उभी असतात. एसटी कधी येईल हे कुणाच्याच हातात नसतं, चहाचा ग्लास तेवढा असतो. अशा वेळी समोर एखादी बोलेरो थांबावी आणि तिच्या तोंडाचा दांडा उभा राहावा, यासारखी करमणूक दुसरी नाही.

या गर्दीत खाती वाटलेली असतात. एक जण फक्त बॅटरीचा. कोणतीही गाडी असो, तो बॅटरीच्या वायरी हलवून पाहतो आणि मागे सरकतो. दुसरा 'कचरा आला'वाला. गाडी झटके देते, कचरा आला. हॉर्न वाजत नाही, तरी कचराच. तिसरा काहीच करत नाही. तो प्रत्येक निदानावर "हाव, असं होते" एवढंच म्हणतो आणि तरीही गावात त्याचा जाणकार म्हणून लौकिक आहे. ही मंडळी एअर फिल्टर, पंख्याचा पट्टा, डिझेलची नळी, सगळं बोटाने दाबून पाहतात. आणि सगळ्यांच्या नाकासमोर, इंजिनच्या अगदी माथ्यावर बसलेल्या त्या मुठीएवढ्या काळ्या झाकणाकडे कुणीही पाहत नाही.

ते ऑइल भरायचं झाकण. त्यावर एक चित्र असतं: जुन्या काळच्या तेलाच्या पिचकारीचं, लांब नाकाचं, टोकाला एक थेंब. पुष्कळ गाड्यांच्या झाकणावर कोणत्या जातीचं तेल घालायचं तेही कोरलेलं असतं, ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० असं काहीतरी. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जाणाऱ्या आमच्या मुलखात इंजिनच्या डोक्यावर हिवाळा लिहिलेला असतो, हे कुणी वाचत नाही म्हणूनच खपतं.

मानसन्मानात तर या झाकणाचा नंबर कुठेच लागत नाही. नवी गाडी घेतली की ती आधी शेगावला जाते. महाराजांचं दर्शन, मग गाडीची पूजा. बोनटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, स्टेअरिंगला हार पडतो, चाकाखाली लिंबू जातं, पुढे लिंबू-मिरची लटकते, नारळ फुटतो. वायपरलासुद्धा एखादं झेंडूचं फूल मिळतं, जो बिचारा वर्षातले आठ महिने काहीच करत नाही. बोनट मात्र उघडत नाही. इंजिनच्या पूजेची कल्पना कुणाला शिवतच नाही, मग त्याच्या झाकणाची काय कथा? "झाकणच तं हाये!" हे आमच्याकडचं त्याचं पूर्ण चरित्र.

आता या झाकणाचं खरं काम ऐकलं तर माणूस जरा वरमतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा डिझेल पेटतं, तेव्हा होणारा धूर आणि वाफ सगळीच सायलेन्सरकडे जात नाही. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडी खाली, तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. तिला बाहेर वाट दिली नाही तर आतला दाब वाढतो आणि तेल जिथे कुठे सील दुबळं असेल तिथून बाहेर येतं. जुन्या जमान्यात याचा इलाज फार सोपा होता. चेंबरमधून एक नळी काढायची, तिचं तोंड रस्त्याकडे करायचं आणि विसरून जायचं. धूर रस्त्यावर, तेलाचे थेंब रस्त्यावर, जबाबदारीही रस्त्यावर. कित्येक जुन्या इंजिनांचं झाकणच जाळीदार असायचं, बाहेरची हवा त्यातूनच आत जायची. पुढे कॅलिफोर्नियात धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा तिथे विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या नव्या गाड्यांपासून ही वाफ एका झडपेतून परत इंजिनातच ओढून जाळायची सोय आली. हळूहळू सगळ्या जगाने ती उचलली. तेव्हापासून झाकणाला घट्ट बसणं भाग पडलं. ते सैल असलं की आतल्या सगळ्या हिशेबाबाहेरची हवा शिरते. मग सिग्नलला गाडी उगाच थरथरते, काही गाड्या बंदच पडतात, नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर तो इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि मालक इंजेक्टर साफ करायला अकोल्याला जातो. आमच्याकडे सिग्नल नाही, हा भाग वेगळा. पण रेल्वे फाटकं आहेत, आणि रस्त्यात बसलेल्या म्हशी आहेत.

झाकणाला गावात खरी प्रतिष्ठा मिळाली ती आमच्या गुरुजींच्या व्हॅनमुळे. गुरुजी गणित शिकवून निवृत्त झालेले. व्हॅन म्हणजे मारुतीची ओम्नी. १९८४ साली ही गाडी निघाली तेव्हा तिचं नाव नुसतं मारुती व्हॅन होतं. ओम्नी ती नंतर झाली आणि २०१९ मध्ये बंदही झाली. गुरुजींच्या हिशेबात मात्र कंपनीने गाडी बंद केली म्हणजे गाडी बंद होत नाही. ओम्नीची गंमत अशी, की तिला पुढे नाकच नाही. इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे या गाडीत बोनट उघडणं म्हणजे आधी माणूस उठवणं. बाकी गाड्यांमध्ये इंजिन तापलं की काट्यावर कळतं, ओम्नीत ते गुरुजींच्या शेजारी बसणाऱ्या काकूंना आधी कळतं.

त्या गुरुवारी गुरुजी आणि काकू शेगावला निघाले होते. आदल्या दिवशीच मिस्त्रीकडे ऑइल बदलून झालेलं. गाडी चौकापर्यंत आली असेल-नसेल, काकू म्हणाल्या, "काहीतरी जळून रायलं."

गुरुजी म्हणाले, "बाहेरचं अशीन. कुणीतरी पऱ्हाटी जाळली."

कापसाच्या वाळलेल्या झाडांना आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात आणि वर्षातला बराच काळ कुणी ना कुणी ती कुठे ना कुठे जाळत असतं, त्यामुळे गुरुजींचा तर्क वाया गेला म्हणता येणार नाही. पण पऱ्हाटीचा धूर खिडकीतून येतो. हा काकूंच्या लुगड्याखालून येत होता. गाडी थांबली. काकू उतरल्या. सीट उचललं. आणि एसटीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला अख्खा चौक एका दमात व्हॅनभोवती आला.

इंजिनवर तेलाचा सडा पडला होता. तेल उडून गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडत होतं आणि त्याचाच तो वास. वर, जिथे झाकण असायचं, तिथे एक गोल भोक. बॅटरीवाल्याने सवयीने बॅटरीची वायर हलवून पाहिली. 'कचरा आला'वाल्याला आयुष्यात प्रथमच कचरा आत जायची वाट दिसली, आणि तो इतका भारावला की काही बोललाच नाही.

गर्दीला मात्र कंठ फुटला. कोण म्हणालं, पाण्याच्या बाटलीचं बूच बसते का पाहा. ते भोकातून सरळ आत जाईल एवढं लहान होतं, आणि ते आत जायच्या बेतात असताना गुरुजींनी त्या इसमाचा हात धरला म्हणून बरं. एकाने तांब्या पालथा घालायला सांगितलं. एक जण भाजीवाल्याच्या गाडीवरून बटाटा घेऊन आला. बटाटा म्हणजे विनोद वाटेल, पण त्याने तो अगदी मापाने निवडला होता, आणि वर "जुना बटाटा घेतला, नव्याले पाणी सुटते" असंही सांगितलं. शेवटी बहुमत चिंधीकडे झुकलं. कापसाच्या मुलखात चिंधीला तोटा नाही.

चिंधीचा बोळा हा या बाबतीतला अखिल विदर्भीय उपाय आहे आणि तो सर्वांत वाईट आहे. आत पंखा असल्यासारखी हवा खेळत असते, तेल उडत असतं. बोळा भिजतो, सैल होतो, त्याचे धागे सुटतात आणि कधी अख्खा बोळाच आत उतरतो. चेंबरच्या तळाशी तेल ओढून घेणाऱ्या नळीला जाळी असते, तिथे जाऊन तो बसतो. मग वर कॅमशाफ्टला तेल पोचत नाही. मिस्त्री चेंबर खोलतो तेव्हा जाळीवर कुणाच्या तरी बनियनचा हात निघतो. मालकाला तो ओळखू येतो, हे जास्त वाईट.

गुरुजींनी मिस्त्रीला फोन लावला.

"लेका, झाकण लावलं होतं का रे?"

"लावलं होतं न गुरुजी! मी सोताच्या हातानं लावलं."

"मंग कुठी गेलं?"

"पडलं अशीन. काई टेन्शन घेऊ नका. झाकणच तं हाये!"

जगातला कोणताही मिस्त्री झाकण लावायला विसरत नाही. तेल ओतताना ते बाजूला ठेवलं जातं, बॅटरीवर, फिल्टरच्या डब्यावर, जिथे हात पोचेल तिथे. मग फोन येतो, मग चहा येतो, मग दुसरं गिऱ्हाईक "फक्त पाहून द्या" म्हणत येतं. झाकण तिथेच बसून असतं. म्हणून झाकण हरवलं की नवं घ्यायला धावण्याआधी इंजिनच्या आजूबाजूचे कोनेकोपरे, खालचा पत्रा, बॅटरीचा ट्रे टॉर्च मारून पाहावा. पुष्कळदा ते बेटं तिथेच कुठेतरी अडकलेलं सापडतं. गुरुजींचं सापडलं नाही. ओम्नीच्या पोटाखाली अडकायला फारशी जागाच नाही. ते गॅरेज आणि चौक यांच्यामध्ये कुठेतरी आमच्या काळ्या मातीत गेलं. या मातीत पावसाळ्यात चप्पल गेली तर परत मिळत नाही, हे तर काळ्या रंगाचं झाकण.

इथून झाकणाची खरेदी सुरू झाली. गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात ट्रॅक्टरचं सगळं मिळतं. बोलेरोचं बहुतेक मिळतं. ओम्नी म्हटल्यावर दुकानदाराने आधी गुरुजींकडे, मग काकूंकडे पाहिलं.

"कोणत्या सालाची?"

"झाकणाले साल काय करतं?"

"लागते गुरुजी. आट्याचं वेगळं, अर्ध्या पिळाचं वेगळं."

हे मात्र खरं होतं. काही झाकणांना बरणीसारखे पूर्ण आटे असतात, काहींना आतून दोन कान असतात. ती दाबून पाव-अर्धा फेरा दिला की खट् करून बसतात. चुकीचं झाकण बसल्यासारखं दिसतं, आणि तेवढंच. दुकानदाराने ट्रॅक्टरचं एक झाकण काढून दाखवलं. ते व्हॅनच्या इंजिनावर ठेवलं असतं तर सीट खाली आलं नसतं. गर्दीतल्या कुणीतरी, कारण गर्दी दुकानापर्यंत सोबत आली होती, सुचवलं की मारुती आठशेचं पाहा. हा मात्र त्या दिवसातला एकमेव शहाणा सल्ला. आठशे आणि ओम्नी यांचं इंजिन एकाच घरचं, ७९६ सीसीचं. पण आठशेचंही नव्हतं. म्हणजे शेगाव, नाहीतर खामगाव.

तात्पुरती सोय म्हणून मिस्त्रीने दुसऱ्या एका भंगार व्हॅनचं झाकण काढून दिलं. ज्या व्हॅनचं काढलं तिच्या भोकावर काय लावलं, हे मी पाहिलं नाही. बटाटेवाला त्या वेळी तिथेच होता, एवढंच सांगतो.

खामगावच्या दुकानात नवाच प्रश्न निघाला. ओरिजनल पाहिजे की चालणारं? आपल्या देशात सुट्या भागांचे हे दोनच प्रकार आहेत आणि दुसऱ्याचं नाव ऐकूनच माणूस विरघळतो. दिसायला दोन्ही सारखी. फरक असतो खालच्या रबरी रिंगेत. खरी रिंग उष्णतेला आणि तेलाला वर्षानुवर्षं तोंड देते. नकली रिंग एका उन्हाळ्यात फुगते नाहीतर कडक होते, मग झाकण जागेवर असूनही तेल पाझरतं. दोघांच्या किमतीत म्हणाल तर दोन माणसांच्या नाश्त्याचा फरक. या एवढ्या पैशासाठी हजारोंची गाडी चालवणारी माणसं दुकानात अर्धा तास उभी असतात. गुरुजी वीस मिनिटं उभे होते. मग त्यांनी ओरिजनल घेतलं आणि पक्की पावती मागितली. दुकानदार खुर्चीतून उठला. झाकणाची पावती त्याच्याकडे आजवर कुणी मागितली नव्हती.

गावात परतल्यावर गुरुजींनी ते झाकण मिस्त्रीला लावू दिलं नाही. "तू सांग, मी लावतो," ते म्हणाले. मिस्त्री शाळेत त्यांच्याच हाताखालून गेलेला, गणितात दोनदा राहिलेला. इतक्या वर्षांनी तो फळ्यासमोर उभा होता आणि गुरुजी बाकावर. त्याने ती संधी सोडली नाही.

"पयले गाडी सपाट जागेवर लावा. बंद करा. थंडी होऊ द्या."

"मंग?"

"लगेच झाकणाले हात नाई घालाचा. आजूबाजूची माती पुसा आंधी. नाई तं झाकण काढलं की सगळी माती सरळ आत. आपली माती आत गेली तं बेअरिंग घासून टाकते."

गुरुजींनी पुसलं. मिस्त्रीने जुनं, भंगारातलं झाकण काढून पालथं केलं. रिंग चपटी झाली होती. नखाने दाबली तर दबत नव्हती, कडेला बारीक चिरा. "हे संपलं," तो म्हणाला. झाकण चांगलं आणि रिंगच तेवढी गेली असेल, तर नुसती रिंगही बदलता येते, पण माप तंतोतंत हवं. प्लॅस्टिकला तडा असेल किंवा कान झिजले असतील तर मात्र आख्खं झाकणच बदलायचं. एम-सीलने सांधायचं नाही. ज्या भोकावर झाकण बसतं त्याची कडही स्वच्छ कपड्याने पुसायची. नव्या रिंगेला बोटाने तेलाचा हात द्यायचा, म्हणजे ती मुरगळत नाही. आणि हाताने जेवढं बसतं तेवढंच पिळायचं. इथे मिस्त्रीने आवाज चढवला, कारण गुरुजींचा हात पक्कडीकडे गेला होता.

"पक्कड नाई! पक्कड लावली की आटे गेले."

"हे तू मले सांगतं?"

"हाव. अन् दोन-चार रोजानं पुन्हा पाहा. कोरडं असन तं बरोबर. वलं दिसलं तं रिंग बसली नाई."

गुरुजींनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, तारखेसकट, आणि खाली मिस्त्रीची सही घेतली. मिस्त्रीने ती इंग्रजीत केली.

झाकणाची खालची बाजू हा खरं तर एक स्वतंत्र विषय आहे. भविष्य सांगण्याचं आमच्या बुलढाणा जिल्ह्याला वावडं नाही. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, पापड-पुरी-कुरडई ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला त्यावरून पाऊस, पीक आणि राजाची गादी, सगळ्याचं भाकीत होतं. ते ऐकायला लांबलांबून माणसं येतात, चॅनलवालेही येतात. मिस्त्री झाकण पालथं करतो तेव्हा त्याचीही मुद्रा तशीच होते. फरक इतकाच, की याचं भाकीत बहुधा खरं ठरतं आणि ऐकायला कुणी येत नाही.

खाली नुसतं तेल असेल, सोनेरी किंवा काळपट, तर निर्धास्त. डांबरासारखा चिकट थर असेल तर मालकाने तेल वेळेवर बदललेलं नाही आणि तो ते कबूल करणार नाही. पांढरट, साईसारखं काही असेल तर मिस्त्री थांबतो. त्याचे दोन अर्थ निघतात. एक साधा: हिवाळ्यात गाडी घरून चौकात, चौकातून वावरात आणि वावरातून घरी एवढीच फिरते. इंजिन तापायच्या आत बंद. आतली वाफ उडून जात नाही, तेलात घुसळून तिचं लोणी होतं. अशा गाडीला एकदा सरळ खामगावपर्यंत नेऊन आणली की पुष्कळदा ते नाहीसं होतं. दुसरा अर्थ महाग: हेड गॅसकेट गेली आणि रेडिएटरचं पाणी तेलात उतरलं. रेडिएटरचं पाणी सारखं कमी होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल, तेलाच्या पट्टीवरही तीच साय असेल, तर मग चर्चा नाही.

आणि हा दुसरा अर्थ आमच्या भागात जरा लवकर लागू पडतो, त्याला कारण पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा असा पूर्णेच्या काठाने पसरलेला हा पट्टा, खालचं पाणी खारट. माणसांच्या किडन्यांनी या पाण्याविरुद्ध कधीच तक्रार नोंदवली आहे. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या त्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. रेडिएटरला तर तोंडच नाही. गाडी तापली की रस्त्याच्या कडेच्या हापशीचं पाणी बादलीने ओतायचं, ही आमची रीत. कुलंट विकत घ्यायचं म्हटलं की, "पाण्याले काय पैसे देता?" मग आत क्षार साचतात, नळ्या चोंदतात, इंजिन तापतं, गॅसकेट जाते आणि शेवटी झाकणाखाली साय धरते. मिस्त्री ती बोटावर घेऊन मालकाला दाखवतो. मालक म्हणतो, "पुसून टाक न मंग."

हे सगळं ज्ञान गावात असूनही स्वतःच्या गाडीचं झाकण कुणी पाहत नाही. दुसऱ्याच्या गाडीचं मात्र आवर्जून पाहतात. जुनी गाडी घ्यायला माणूस निघाला की सोबत मिस्त्री असतो, आणि तो सगळ्यात आधी झाकणाकडे वळतो. गाडी चालू ठेवायची, झाकण काढायचं आणि आतून धूर किती जोराने येतो ते पाहायचं. याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. हलकी वाफ चालते. पण इंजिन भकाभक धूर ओकायला लागलं, भोकावर उलटं ठेवलेलं झाकण नाचायला लागलं, की रिंगा-पिस्टन गेले समजायचे आणि भाव पाडायचा. चालू इंजिनचं झाकण काढू नये हे मिस्त्रीला माहीत असतं. म्हणून तो ते मालकाला काढायला लावतो आणि स्वतः दोन पावलं मागे उभा राहतो. विकणारेही काही कमी नाहीत. गिऱ्हाईक यायच्या दिवशी आत जाडजूड तेल ओतून ठेवतात, म्हणजे तेवढ्या वेळापुरता धूर दबतो. तेल पातळ व्हायच्या आत व्यवहार व्हावा, म्हणून चहासुद्धा गाडी पाहिल्यावर देतात.

गेल्या हिवाळ्यात गुरुजींनी व्हॅन विकायला काढली. घेणारा जळगाव जामोदकडचा, त्याचा मिस्त्री त्याच्यासोबत. व्यवहार चौकातच ठरला, त्यामुळे साक्षीदारांची कमतरता नव्हती. काकूंचं सीट उचललं गेलं. गाडी चालू केली. त्या मिस्त्रीने गुरुजींना झाकण काढायला लावलं; धूर नाही, वाफ नाममात्र. पालथं केलं, स्वच्छ. रिंग दाबली, मऊ. आमच्या मिस्त्रीची छाती फुगली. पाहुण्याच्या कपाळावर मात्र आठी पडली.

"झाकण नवं काहून हाये?"

"जुनं हरवलं," गुरुजी म्हणाले.

"झाकण कसं हरवलं? खरं सांगा गुरुजी, इंजिन खोललं होतं का?"

"नाही."

"मंग नवं झाकण कोण लावते?"

गुरुजींनी वही काढली. तारीख, कृती, सही, आणि पानाला टाचणीने लावलेली पावती. पाहुण्या मिस्त्रीने पावती उजेडात धरून पाहिली आणि आपल्या मालकाला बाजूला नेलं. पण चौकात बाजू अशी नसतेच, सगळ्यांना ऐकू आलं. "झाकणाची पावती ठेवली त्यायनं. मोठ्ठं काम झालेलं दिसते. हजार रुपये कमी सांगा."

गुरुजी गणिताचे. त्यांनी शांतपणे हात पुढे केला, झाकण फिरवून काढलं, पुसलं आणि खिशात टाकलं.

"आता सांग. नवं झाकण नाही."

"बिना झाकणाची गाडी?" मिस्त्री म्हणाला. "मंग दोन हजार कमी."

चौक शांत झाला. बॅटरीवाल्याला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "गुरुजी, माया बटाटा लावून पाहा. भाव वाढन."